परदेशातलं सत्र, घरचं गुणपत्रक

मागच्या भागात आपण शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांबद्दल बोललो. आजचा विषय विद्यार्थी सगळ्यात शेवटी हाताळतात, आणि पालकांना तर तो बहुतेक वेळा माहीतच नसतो. मुलगा किंवा मुलगी सहा महिने परदेशातल्या विद्यापीठात शिकून आली, तिथल्या परीक्षा पास झाली. ते सहा महिने आपल्या इथल्या पदवीत धरले जातील का? आणि धरले जावेत असं वाटत असेल, तर तिथे जाऊन विषय कोणते घ्यायचे?

सुरुवातीलाच एक फरक स्पष्ट करते. पूर्ण पदवी बाहेर करायला जाणं वेगळं आणि इथली पदवी चालू असताना एका सेमिस्टरसाठी जाणं वेगळं. आज मुख्यतः दुसऱ्याबद्दल बोलायचंय. मी हैदराबादला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. एका सत्रासाठी जर्मनीला, फ्रान्सला जाणाऱ्या मुलांचे कागद गेली काही वर्षं माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे उदाहरणं जास्त करून युरोपातली येतील, त्यातही जर्मनीची. इंदूर, बडोदा, बेळगाव, बंगळुरू, तुम्ही कुठेही असाल, नियमांचं नाव बदलेल, पण अडचणी याच असतील.

पहिली गोष्ट, क्रेडिट म्हणजे काय. सरकारी मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात, मुलं क्रेडिट म्हणतात, आपणही तेच म्हणू. क्रेडिट म्हणजे मार्क नव्हेत. तुम्ही एखाद्या विषयाला किती काम दिलंत, त्याचं ते माप आहे. किलो आणि लिटर असतात तसं. विषय किती चांगला आला हे ग्रेड सांगते, विषय किती मोठा होता हे क्रेडिट सांगतं. आणि घोटाळा इथेच सुरू होतो, कारण प्रत्येक देशाचं माप वेगळं आहे.

युरोपात १९८७ साली इरास्मस योजना सुरू झाली. एका देशातल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या देशात जाऊन काही काळ शिकायचं, अशी ती कल्पना. मुलं जायला लागली आणि लगेच प्रश्न आला, की परत आल्यावर हे मोजायचं कसं. म्हणून १९८९ मध्ये एक समान माप आणलं गेलं. त्याचं नाव ईसीटीएस. म्हणजे ही पद्धत मुळात जन्मालाच आली ती एका ठिकाणचा अभ्यास दुसऱ्या ठिकाणी नेता यावा म्हणून. पुढे १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर ती जवळजवळ सगळ्या युरोपात पसरली. हिशेब सोपा आहे. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट्स, एका सेमिस्टरचे ३०. आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. यात वर्गातले तास आहेत, घरचा अभ्यास आहे, परीक्षेची तयारीही आहे.

आपल्याकडे आत्ता आत्तापर्यंत क्रेडिट म्हणजे वर्गातला तास असं साधं समीकरण होतं, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही आहे. आठवड्याला एक तास व्याख्यान, असं सत्रभर चाललं की साधारण १५ तास होतात, त्याचं एक क्रेडिट. प्रयोगशाळेचे मात्र ३० तास भरले तर एक क्रेडिट. नवीन शैक्षणिक धोरणानंतर राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला, २०२३ साली. त्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट्स धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटमागे ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला १२०, चार वर्षांच्या पदवीला १६०.

आता गंमत बघा. अर्धं वर्ष शिकलं तर भारतात २० क्रेडिट्स, जर्मनीत ३०, अमेरिकेत साधारण १५ आणि ब्रिटनमध्ये ६०. काम एकाच सत्राचं, आकडे चार. म्हणून कोणी सांगितलं की माझ्या भाच्याने लंडनहून ६० क्रेडिट्स आणले, तर दचकू नका.

मग जर्मनीतला ६ क्रेडिट्सचा एक विषय घेऊन आलात, तर इथे किती मिळायला हवेत? समजा त्या विषयाला आठवड्यात दोन तास व्याख्यान आणि दोन तास उदाहरणं सोडवण्याचा वर्ग होता. जर्मन विद्यापीठाचा तास ४५ मिनिटांचा असतो. पंधरा आठवड्यांचे झाले ६० जर्मन तास, म्हणजे आपले ४५ तास. वर्गातल्या तासांनी मोजलं तर ४५ भागिले १५, म्हणजे ३ क्रेडिट्स. वर्षाच्या प्रमाणात मोजलं, म्हणजे त्यांचे ६० ते आपले ४०, तर ४ क्रेडिट्स. आणि एकूण कामाच्या तासांनी मोजलं, ६ गुणिले २५ म्हणजे १५० तास, भागिले ३०, तर ५ क्रेडिट्स. ३, ४ की ५? तिन्ही हिशेबांना आधार आहे. कोणता लावायचा ते तुमची संस्था ठरवते. पाच विषय घेतले तर १५ आणि २५ इतका फरक पडतो, आणि आपलं सत्र २० चं आहे. पंधरा मिळाले तर ५ क्रेडिट्स कमी पडले, ते कुठून तरी भरून काढावे लागणार.

माझं मत विचाराल तर वर्षाच्या प्रमाणाचा हिशेब सगळ्यात न्याय्य. पूर्ण सत्राचं काम केलं तर पूर्ण सत्र धरलं जावं, एवढं साधं तत्त्व आहे त्यात. पण माझ्या मताने तुमचं गुणपत्रक बनणार नाही. विमानाचं तिकीट काढायच्या आधी आपल्या संस्थेचा नियम लेखी मागा. ‘बघू, करून देऊ’ हे उत्तर कितीही प्रेमाने दिलेलं असलं तरी ते उत्तर नाही. ज्यांनी ते दिलं ते सर तुम्ही परत येईपर्यंत विभागप्रमुख राहतीलच असं नाही.

आता विषय निवडण्याकडे येते. मुलं काय करतात, तर परदेशी विद्यापीठाची वेबसाइट उघडतात आणि जे छान वाटेल त्याची यादी बनवतात. मशीन लर्निंग, रोबॉटिक्स, अक्षय ऊर्जा. सुरुवात उलट टोकाकडून करायला हवी. आधी आपला घरचा अभ्यासक्रम समोर ठेवा. जे सत्र बाहेर घालवणार आहात त्या सत्रात इथे कोणते विषय आहेत? त्यातले सक्तीचे कोणते, ऐच्छिक कोणते? ऐच्छिक विषयाच्या जागी बाहेरचा विषय बसवणं सोपं असतं, कारण तिथे संस्थेला फक्त एवढंच बघायचं असतं की विषय योग्य पातळीचा आणि आपल्या शाखेशी संबंधित आहे. सक्तीच्या विषयाचं तसं नाही. तिथे घटक घटक जुळवून बघतात. म्हणून ज्या सत्रात ऐच्छिक विषय जास्त, ते सत्र बाहेर घालवा. आणि जे एकदोन सक्तीचे विषय उरतात, ते शक्य असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या सत्रात इथेच करून टाका. बऱ्याच स्वायत्त महाविद्यालयांत अशी परवानगी मिळते, फक्त एक सत्र आधी मागावी लागते.

एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते. ती आमच्या कॉलेजची नव्हती. घरच्या ओळखीतून सल्ला विचारायला आली, पण आली ती परत आल्यानंतर. सहाव्या सत्रात जर्मनीला गेली होती. हुशार मुलगी, सगळे विषय पास, पूर्ण ३० क्रेडिट्स घेऊन आली. तिच्या इथल्या सहाव्या सत्रात कंट्रोल सिस्टिम्स हा सक्तीचा विषय होता. जर्मन विद्यापीठाच्या यादीत तिला कंट्रोलचे दोन विषय दिसले. एक मूलभूत, तो जर्मन भाषेतून. दुसरा प्रगत, तो इंग्रजीतून. तिचं जर्मन रोजच्या व्यवहारापुरतं, म्हणून तिने प्रगत विषय घेतला आणि २.३ ग्रेड मिळवली. तिकडच्या मानाने ही चांगली ग्रेड आहे. इथे समितीने काय म्हटलं? हा तो विषय नव्हे. घटक जुळत नाहीत, शिवाय आमच्या विषयाला प्रयोगशाळा आहे, याला नाही. त्यांनी तो ऐच्छिक म्हणून धरला आणि सक्तीचा विषय तसाच राहिला.

ती मला म्हणाली, “मॅडम, मी अवघड पास झाले आणि सोपं राहिलं म्हणून मला नापास धरतायत.” तिचं चुकत नव्हतं. पण समितीही नियमानेच चालली होती. गुणपत्रकावर तो विषय बाकी दिसला, मुंबई-पुण्याकडे ज्याला केटी म्हणतात तसा. सातव्या सत्रात कॅम्पसवर कंपन्या आल्या. त्यातल्या दोघांची अट होती, एकही विषय बाकी नको. त्या दोन मुलाखतींना तिला बसता आलं नाही. पुढे तिने तो विषय ज्युनिअर मुलांबरोबर बसून काढला आणि तिसऱ्या कंपनीत नोकरीही मिळाली, पण ते सत्र तिने आणि घरच्यांनी कसं काढलं ते त्यांनाच ठाऊक.

या एका प्रसंगात दोन धडे दडलेले आहेत, आणि दोन्ही जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहेत. पहिला भाषेचा. जर्मनीत इंग्रजीतून शिकवलं जाणारं बरंचसं शिक्षण पदव्युत्तर पातळीवर आहे. पदवीच्या पातळीवरचे विषय मुख्यतः जर्मनमधूनच असतात. आपली मुलं जातात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, आणि इंग्रजीतून मिळतात एमएस्सीचे विषय. म्हणजे एक तर वरच्या पातळीचा विषय झेपवायचा, नाहीतर दोन वर्षं आधीपासून जर्मन शिकायला लागायचं. पुण्यात, बंगळुरूत, चेन्नईत मॅक्स म्यूलर भवन आहे, तिथे पातळीनुसार वर्ग चालतात. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत नाव घालावं.

दुसरा धडा नावाचा. विषयाच्या नावावर कधीही जाऊ नका. जर्मन विद्यापीठात प्रत्येक अभ्यासक्रमाचं एक मॉड्यूल हँडबुक असतं. त्यात प्रत्येक विषयाचं एकदोन पानांचं वर्णन दिलेलं असतं. क्रेडिट्स किती, तास किती, कोणत्या भाषेत, आधी काय येत असायला हवं, परीक्षा लेखी की तोंडी, आणि विषय उन्हाळी सत्रात असतो की हिवाळी. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. कितीतरी विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. मुलं हिवाळ्यात जातात आणि यादी केलेली असते उन्हाळ्यातल्या विषयांची! ही पानं उतरवून घ्या, ज्या वर्षी तुम्ही जाताय त्याच वर्षीची, आणि जपून ठेवा. नंतर समितीला दाखवायला तीच कामाला येतात.

आता तो कागद, ज्याच्यावर सगळं उभं आहे. त्याला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. इरास्मसमध्ये तो सक्तीचा असतो, आणि भारतातल्या संस्थांसाठीही २०१५ पासून इरास्मसची दारं या प्रकारच्या देवाणघेवाणीसाठी उघडी आहेत. पण तुमच्या कॉलेजचा परदेशी विद्यापीठाशी स्वतंत्र करार असेल तरी याच नमुन्याचा कागद करून घ्यायला कोणी अडवत नाही. त्यावर तीन सह्या असतात. विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या संस्थेची आणि घेणाऱ्या संस्थेची. आत दोन तक्ते असतात. पहिल्यात तुम्ही तिकडे काय शिकणार ते. दुसऱ्यात त्याच्या बदल्यात इकडचं काय सुटणार ते. मुलं पहिला तक्ता मनापासून भरतात, दुसऱ्यात कसंतरी काहीतरी लिहितात. खरा जीव दुसऱ्या तक्त्यात आहे. ‘सहाव्या सत्राचे ऐच्छिक विषय’ असं मोघम लिहू नका. विषयाचं नाव, कोड, क्रेडिट्स, सगळं लिहा. त्या मुलीच्या दुसऱ्या तक्त्यात कंट्रोल सिस्टिम्सचं नाव आणि कोड असता, आणि खाली तिच्या संस्थेची सही असती, तर समितीला नाही म्हणणं जड गेलं असतं. निदान जायच्या आधी तरी नाही म्हणाले असते, आणि तिला दुसरा मार्ग शोधता आला असता.

युरोपच्या मार्गदर्शक सूचना तर असं सांगतात की एका विषयासमोर एक विषय अशी जोडी जुळायलाच हवी असं नाही. तिकडच्या सगळ्या अभ्यासाचा एक गठ्ठा आणि इकडच्या अभ्यासाचा एक गठ्ठा, दोन्हींतून मिळणारं शिक्षण साधारण सारखं असलं की पुरे. आपल्याकडच्या अभ्यास मंडळांना हे सहसा पटत नाही. त्यांना जोड्या लावा हाच प्रकार आवडतो. मला तो आखूड विचार वाटतो, कारण मग बाहेर पाठवून मिळवलं काय, तोच सिलॅबस दुसऱ्या गावात? पण तुमच्या संस्थेला जोड्या हव्या असतील तर जोड्या लावून द्या. तत्त्वाची लढाई आम्ही शिक्षक लढू, तुमचं सत्र त्यात पणाला लावू नका.

सहीबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही खास आपल्याकडची आहे. तुमची पदवी कोण देतं? कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर पदवी आणि गुणपत्रक विद्यापीठाचं असतं. अशा वेळी प्राचार्यांची सही कितीही मोठ्या शिक्क्याची असली तरी पुरत नाही. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाची लेखी संमती हवी. स्वायत्त महाविद्यालय असेल, अभिमत किंवा खासगी विद्यापीठ असेल, तर गोष्ट सोपी होते. तुमचा अभ्यासक्रमच परदेशी विद्यापीठाबरोबरच्या ट्विनिंगचा असेल तर आणखी सोपी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम आहेत, त्यानुसार ट्विनिंगमध्ये एकूण क्रेडिट्सपैकी ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स परदेशी संस्थेत मिळवता येतात.

आता वेळापत्रक. हे कागदावर किरकोळ दिसतं, पण ज्याच्यावर येतं त्याची झोप उडवतं. जर्मनीचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीत संपतात, आणि मग परीक्षा. आपलं पुढचं सत्र सुरू होतं जानेवारीत. म्हणजे तुम्ही तिथे परीक्षा देत असता तेव्हा इथे हजेरी बुडत असते. आणि आपली ७५ टक्के हजेरीची अट तुम्हाला माहीतच आहे. सहासात आठवडे गेले की उरलेल्या सत्रात रोज वर्गात बसलात तरी ती भरत नाही. उन्हाळी सत्र १ एप्रिलला लागतं, वर्ग एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. ते आपल्या सम सत्राच्या जागी बऱ्यापैकी बसतं, शेवटी थोडी धावपळ होते इतकंच. फ्रान्समध्ये सप्टेंबरात सुरुवात होते, अमेरिकेत ऑगस्टच्या अखेरीस, आणि अमेरिकेचं सत्र डिसेंबरच्या मध्याला संपतं, म्हणून विषम सत्रासाठी ते आपल्याला जास्त सोयीचं. जर्मनीला हिवाळ्यातच जायचं असेल तर हजेरीची सवलत, तीही तारखांसकट, जायच्या आधी लेखी घ्या. परीक्षा लांबली म्हणून महिनाभर जास्त राहणंही स्वस्त नाही. जर्मन व्हिसासाठी महिन्याच्या खर्चाचा २०२४ पासूनचा सरकारी आकडाच ९९२ युरो आहे.

तिथे पोहोचल्यावर पहिले तीनचार आठवडे फार धांदलीचे असतात. राहण्याच्या पत्त्याची नोंदणी, बँक, आरोग्य विमा. त्यातच कळतं की ठरवलेल्या दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतायत, किंवा एका विषयाच्या जागा भरल्यात, किंवा प्राध्यापक यंदा रजेवर आहेत. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं, घाबरू नका. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट बदलता येतं, त्यासाठी फॉर्ममध्ये वेगळा भाग असतो. मात्र तिन्ही सह्या पुन्हा लागतात. मुलं तिकडच्या समन्वयकाला सांगतात, विषय बदलतात, आणि इकडे कळवायचं राहून जातं. नवीन विषयाचं मॉड्यूलचं पान जोडून लगेच इकडे मेल करा. उत्तर आलं नाही तर फोन करा. आपल्याकडे मेलला उत्तर फोन केल्यावर येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि जर्मनीतली सगळ्यात फसवी गोष्ट. वर्गात बसलात, सत्रभर बसलात, सगळी उदाहरणं सोडवलीत, म्हणजे परीक्षेला बसता येईल असं नाही. बहुतेक विद्यापीठांत परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तिची मुदत सत्राच्या मध्येच कधीतरी येऊन जाते. आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म भरायला शिपाईकाका वर्गात नोटीस घेऊन येतात. तिकडे कोणी येत नाही. पोर्टलवर तारीख लागलेली असते, बघायची जबाबदारी तुमची. पोहोचल्या पोहोचल्या ही तारीख शोधून फोनमध्ये गजर लावा.

परीक्षा झाली, ग्रेड आली. आता ती ग्रेड इथे कशी दिसणार? जर्मनीत १.० सगळ्यात चांगली, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. आकडा लहान तेवढं चांगलं. आपल्याकडे बरोबर उलटं. जर्मनीत बाहेरून येणाऱ्या ग्रेडसाठी एक सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. तेच उलटं फिरवून इथे लावता येतं. आपल्याकडे १० पैकी ४ ला पास धरत असतील, तर १.० म्हणजे १० आणि ४.० म्हणजे ४. मधल्या तीन पायऱ्यांत सहा गुण, म्हणजे जर्मन ग्रेड एकने घसरली की आपले दोन गुण जातात. त्या मुलीची २.३ या हिशेबाने ७.४ होते. वाईट नाही.

फ्रान्सचं दुखणं निराळं. तिथे २० पैकी गुण देतात, १० ला पास. १४ म्हणजे चांगला विद्यार्थी, १६ च्या वर ‘त्रे ब्यँ’, म्हणजे फारच छान, आणि ते हात आखडूनच दिलं जातं. इथल्या कार्यालयात २० पैकी १४ आले की सरळ अर्धे करतात, ७ लिहितात. तिकडे वर्गात पुढे असलेला मुलगा इथे मधला होतो आणि सीजीपीए खाली येतो. यावर युरोपचा उपाय असा, की गुणांबरोबर वाटपाचा तक्ता द्यायचा, किती टक्के मुलांना कोणती ग्रेड मिळाली ते सांगणारा. तो मागून घ्या, मिळतो तिथे. आणि घरच्या संस्थेला आधीच विचारा, तुम्ही ग्रेडही धरणार की फक्त क्रेडिट्स? काही संस्था फक्त ‘उत्तीर्ण’ लिहितात आणि सीजीपीए इथल्याच सत्रांवरून काढतात. मला हीच पद्धत बरी वाटते. तिकडे उत्तम ग्रेड मिळवणाऱ्यावर त्यात थोडा अन्याय होतो, हे खरं. पण मग मुलं अनोळखी विषय घ्यायला कचरत नाहीत, आणि बाहेर जाण्यात मजा तीच तर असते.

अमेरिकेत पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. एफ-१ व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिट्स घ्यावे लागतात, आणि त्यात ऑनलाइन फक्त एकच विषय धरला जातो. विषय जड जातोय म्हणून मधेच सोडला आणि ११ वर आलात, तर प्रश्न मार्कांचा राहत नाही, व्हिसाचा होतो. सोडायच्या आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन विचारायचं, नंतर नाही. आणि इथली दोन वर्षं करून तिकडे तिसऱ्या वर्षाला जायचा बेत असेल, तर इथल्या प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस, विद्यापीठाच्या शिक्क्यासकट, बरोबर न्या. तिकडचा विभाग विषयानुसार ठरवतो काय धरायचं ते. सगळं धरलं जाईल असं समजून कर्जाचा हिशेब मांडू नका.

परत येताना काय आणायचं, हे सांगून थांबते. तिकडचं अधिकृत गुणपत्रक, ज्याला ट्रान्स्क्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स म्हणतात, ते निकाल लागल्यावर काही आठवड्यांनी मिळतं. तुम्ही तोवर परत आलेले असता. म्हणून निघण्याआधी तिकडच्या कार्यालयात आपला कायमचा ईमेल देऊन ठेवा. विद्यापीठाचा ईमेल काही दिवसांनी बंद होतो आणि त्याच्याबरोबर पोर्टलही. पोर्टलवरचं जे जे उतरवून घेण्यासारखं आहे ते आधीच घ्या. ट्रान्स्क्रिप्टच्या प्रती दोनतीन मागा. पुढे एमएससाठी अर्ज करताना इथल्या गुणपत्रकावर बाहेरून आणलेले क्रेडिट्स दिसले, की ते मूळ कागद मागतात.

इथे आल्यावर सगळे कागद परीक्षा विभागाला द्या आणि पोच घ्या. मग डिजिलॉकरमधून आपलं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडून बघत राहा. ही बँक २०२१ च्या नियमांनी आली, आणि तिथे जमा झालेले क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. पण या बँकेत विद्यार्थ्याला स्वतः भरणा करता येत नाही, तो संस्थाच करते. नोंद दिसली नाही तर त्याच सत्रात विचारा. शेवटच्या वर्षी पदवी प्रमाणपत्राच्या वेळी १६० ऐवजी १४० दिसले तर तेव्हा ज्यांनी सह्या केल्या ते तिघेही शोधून सापडणार नाहीत.

पुढच्या भागात राहण्याच्या जागेबद्दल आणि भाड्याच्या करारांबद्दल बोलू. नमस्कार.